येरोळकर साहेबांचं काळं रान

लातुरात कुणी इंजिनिअर झालं तर कुणी मान वर करूनही बघत नाही. दर वर्षी खोऱ्याने निघतात. चौकाचौकात पोरांचे हसरे फोटो, खाली मार्क आणि वर आमच्यासारख्या क्लासवाल्यांची नावं. मी गणित शिकवते, तेव्हा या पिकात माझाही वाटा आहे. पण झालेला इंजिनिअर, तोही सरकारी, उपअभियंता, वरची खुर्ची समोर दिसत असताना एक दिवस उठून स्वेच्छानिवृत्ती घेतो आणि चित्रं काढत बसतो, ही मात्र बातमी होती. आमच्या गल्लीला ती वर्षभर पुरली.

दिगंबर येरोळकर आमच्या समोरच राहायचे. घर त्यांनी स्वतः उभं राहून बांधून घेतलेलं. त्यामुळे पावसाळ्यात सगळ्यांच्या दारात पाणी साचायचं, त्यांच्या दारात नाही. वरच्या मजल्यावर निलंग्याची, अहमदपूरची पोरं खोल्या घेऊन क्लास करायची. नोकरी सोडल्यावर साहेबांनी पहिलं काम काय केलं, तर उत्तरेकडची खोली पोरांकडून रिकामी करून घेतली. का, तर तिथं ऊन येत नाही आणि उजेड मात्र दिवसभर असतो. क्लासच्या गल्लीत चालती खोली मोकळी ठेवायची म्हणजे काय! नोकरी सोडल्याचं एक वेळ लोकांनी पोटात घातलं, खोलीचं नाही घातलं.

चित्रकार म्हटल्यावर आम्हाला वाटलं, आता झब्बा येणार, दाढी वाढणार. तसलं काही घडलं नाही. तीच इस्त्रीची पँट, तोच खोचलेला शर्ट, खिशाला दोन पेनं. साइटवरच्या उन्हानं चेहरा आणि मान रापलेली, कॉलरच्या आत मात्र माणूस गोरा. सकाळी दहा वाजता हातात जेवणाचा डबा घेऊन साहेब स्वतःच्याच घराचा जिना चढायचे आणि संध्याकाळी खोलीला कुलूप लावून खाली उतरायचे. रविवारी सुट्टी. चित्राचं स्टँड पाणसळ लावून सरळ केल्याशिवाय ब्रश उचलायचे नाहीत. सुरुवातीच्या चित्रांना तर खाली उजव्या कोपऱ्यात नकाशाला असतो तसा चौकोन आखलेला असायचा: रेखाटन, तपासणी, मंजुरी. पहिल्या रकान्यात स्वतःची सही, बाकीचे दोन कोरे. मी हसले तेव्हा बिचारे चपापले.

"सवयीनं पडून गेलं हो, मॅडम," म्हणाले. पुढच्या चित्रांतून तो चौकोन गेला.

आणि काढायचे काय? काळी जमीन. माणूस नाही, बैल नाही, झाड असलंच तर कुठंतरी कडेला. नांगरलेली, ढेकळांची, भेगाळलेली, नुसती काळी. ट्यूबमधला काळा रंग त्यांनी कधी वापरला नाही. निळा, तपकिरी, कणभर लाल असं तासन् तास घोटत बसायचे. "काळी एक नसते," ते मला समजावून सांगायचे. "निलंग्याकडची निराळी, आमच्या शिरूर अनंतपाळकडची निराळी. सगळी नोकरी मी हिच्यावर डांबर टाकण्यात घालवली. नीट बघितली म्हणून कधी न्हाई." हे त्यांनी अगदी साध्या आवाजात सांगितलं, डबा उघडता उघडता. मी भाजीची वाटी द्यायला म्हणून वर गेले होते. त्या जिन्यानं वर जाणारी गल्लीत मी एकटीच, तीही भाजीच्या निमित्तानं.

तसे लोक त्यांच्याकडे यायचे. भरपूर यायचे. कुणाचा स्लॅब गळायचा, कुणाला जिना कुठून काढावा ते विचारायचं असायचं, कुणाला संडास कोणत्या दिशेला हे. सगळे खालच्या बैठकीत बसायचे, चहा प्यायचे, कागदावर रेघोट्या मारून घ्यायचे आणि जायचे. वर काय चाललंय, हे एकानंही कधी विचारलं नाही. साहेबही आपणहून सांगायचे नाहीत. कुठल्याही गोष्टीवर मत विचारलं की त्यांचं एकच उत्तर असायचं, "सुकू द्या, मग बोलू." स्लॅबचं असो, चित्राचं असो, नाहीतर माझ्या भावाच्या मुलीच्या लग्नाचं.

एकदा आमच्या छताला तडा गेला. माझे यजमान घाबरले आणि साहेबांना बोलावून आणलं. साहेबांनी स्टूलवर चढून मान वर केली. बराच वेळ बघत राहिले. आम्ही दोघं खाली श्वास धरून उभे.

"सुरेख हाय," साहेब म्हणाले.

यजमानांचा चेहरा बघण्यासारखा झाला. मग भानावर येऊन साहेब घाईघाईनं म्हणाले, "न्हाई न्हाई, काळजीचं काही न्हाई. वरचं प्लॅस्टरच आहे." पण उतरताना त्यांनी पुन्हा एकदा वर बघून घेतलं. तो तडा आम्ही ते घर सोडेपर्यंत बुजवला नाही. यजमान म्हणायचे, आळस. मी म्हणायचे, असू दे.

साहेबांच्या पत्नी शैलावहिनी तोवर पुण्याला निघून गेल्या होत्या. भांडून नव्हे. मुलीचं, पल्लवीचं बाळंतपण होतं, त्यासाठी गेल्या. पण बाळ चालायला लागलं, बोलायला लागलं, तरी त्या परत आल्या नाहीत. वहिनी वाईट नव्हत्या, हे मी छातीवर हात ठेवून सांगेन. सबंध आयुष्य त्या साहेबांची बायको म्हणून वावरल्या होत्या. हळदीकुंकवाला बायका विचारायच्या, "साहेब सध्या काय करायलेत?" आणि वहिनी विषय बदलायच्या. जायच्या आधी एकदा माझ्याजवळ बोलल्या, "त्यांनी बाई ठेवली असती तर मला सांगता तरी आलं असतं, मॅडम. हे काय सांगू लोकांना?" मी हसले, पण त्या हसत नव्हत्या.

त्यानंतर साहेब स्वतःचा डबा स्वतः भरायचे. सकाळी नऊच्या सुमाराला त्यांच्या स्वयंपाकघरातून फोडणीचा वास यायचा. घरात दुसरं कुणी नाही, जेवायला खाली उतरलं तरी चालतं, पण हा माणूस एकट्यासाठी डबा भरतो, झाकण लावतो आणि वर नेतो. मला त्यांची कीव यायची आणि त्याहून जास्त राग यायचा. बायकोला फोन करा, ये म्हणा, गरज पडली तर पाय धरा! पण साहेबांना तसलं काही जमायचं नाही. त्यांना जे जमायचं ते त्यांनी केलं. वहिनींच्या माहेरचं रान काढायला घेतलं.

शिरूर अनंतपाळ तालुक्यात एका गावाला वहिनींच्या वडिलांची जमीन होती. आता ती भाऊ बालाजी बघायचा. साहेब सकाळच्या एसटीनं जायचे. बांधावर तिपाई लावायची, डोक्याला पांढरी टोपी घालायची आणि समोरच्या नांगरटीकडं एक डोळा मिटून बघत राहायचं. हातात पेन्सिल आडवी धरून उंचसखलपणाचा अंदाज घ्यायचा. आता मला सांगा, रस्त्याचा इंजिनिअर रानात तिपाई लावून एक डोळा मिटतो, हे बघून शेजारपाजारच्या रानांतल्या माणसांनी काय समजावं?

दुसऱ्या दिवशी माणसं सातबारे घेऊन बांधावर हजर झाली.

"साहेब, रस्ता कुटून जायलाय?"

"रस्ता न्हाई हो. चित्र काढायलोय."

"हाव हाव. पर आमचं रान वरल्या अंगाला हाय, तेवढं ध्यानात असू द्या."

बालाजी सगळ्यांना दूर सारून साहेबांना बाभळीखाली घेऊन गेला. "दाजी, घरच्या माणसाला तरी खरं सांगा."

"बालाजी, देवाशपथ चित्र हाय. आणि मी आता सरकारी माणूस न्हाई."

"तेच म्हणायलोय मी. चित्रासाठी कुणी सरकारी नोकरी सोडतंय का? काय तरी आतलं काम दिलेलं हाय तुम्हाला."

या युक्तिवादापुढं साहेब काय, भलाभला वकील गप्प बसला असता. साहेब पुढच्या खेपेला गेले तेव्हा ते रान जाग्यावर नव्हतं. म्हणजे होतं, पण सगळ्या नांगरटीत ओळीनं आंब्याची रोपं लावलेली, मधोमध पत्र्याचं शेड आणि शेडवर कुक्कुटपालनाची पाटी. कोंबडी औषधालाही नव्हती. रस्त्यात जमीन गेली तर फळझाडांचा आणि बांधकामाचा मावेजा वेगळा मिळतो, हे त्या भागात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. बालाजीनं दाजींवर विश्वास ठेवून, म्हणजे खरं तर न ठेवून, कामाला सुरुवात केली होती.

साहेब हे मला सांगताना आधी हसत होते. मीही पोट धरून हसत होते. मग ते मध्येच थांबले आणि म्हणाले, "रान गेलं की हो, मॅडम. निम्मं व्हायचं होतं अजून."

त्याच दिवशी, मी वर असतानाच, वहिनींचा फोन आला. कित्येक महिन्यांत त्यांनी आपणहून केलेला तो पहिला फोन असावा. साहेबांचे हात रंगानं भरलेले, म्हणून त्यांनी कोपरानं कसाबसा स्पीकर लावला. मी उठायला लागले तर हातानंच बसा म्हणाले.

"बालाजी म्हणायला, तुम्ही आमचं रान मोजायलाव."

"मोजत न्हाई. काढायलोय."

"कशाला?"

साहेबांनी माझ्याकडं बघितलं, मग चित्राकडं. "तू बघशील म्हणून," ते म्हणाले.

पलीकडून नातवाचा आवाज येत होता, कुकर वाजत होता. वहिनी म्हणाल्या, "मी काय बघायचंय त्यात? जन्म गेला माझा तिथं." आणि मग, "गोळ्या घेता का वेळेवर?"

"घेतो."

फोन बंद झाला. साहेब ब्रश पुसत राहिले, पुसून स्वच्छ झाला तरी पुसत राहिले.

फोटो काढून आणला असता तर, असं मी सुचवून बघितलं. "फोटोत सगळं काळं एकच येतं," ते म्हणाले. मग उरलेलं अर्धं चित्र त्यांनी खोलीत बसूनच पुरं केलं. कशावरून काढता, असं विचारलं तर म्हणाले, "ऐकलेलं हाय मी हे रान." मला काही समजलं नाही. म्हटलं, सुकू द्या.

चित्रं पुरेशी झाली तेव्हा त्यांनी नांदेडला एका संस्थेचं सभागृह चार दिवसांसाठी घेतलं. लातुरात का नाही, हे मी विचारलं नाही. कारण मला माहीत होतं. माझं माहेर नांदेडचं, म्हणून मीही गेले. वहिनींना बोलावलंत ना, असं मी त्यांना एसटीत विचारलं.

"तारीख सांगितली."

"अहो, तारीख काय सांगता? ये म्हणालात का?"

"तिला कळतं," ते म्हणाले आणि खिडकीबाहेर बघायला लागले.

उद्घाटन रीतसर झालं. शाल झाली, श्रीफळ झालं. 'माजी उपअभियंता' ही अक्षरं एवढी मोठी असलेला बॅनर संस्थेनं लावला होता, की त्याच्याखाली दोन चित्रं निम्मी झाकली गेली. पाहुणे साहेबांनी बांधलेल्या एका पुलावर फार छान बोलले. मग सगळ्यांनी चित्रांकडं पाठ करून फोटो काढून घेतले. एक गृहस्थ तेवढे एका चित्रासमोर थांबले, जवळ जाऊन बघायला लागले. साहेब लगबगीनं त्यांच्याजवळ गेले. गृहस्थांनी हळू आवाजात विचारलं, "प्लॉट एन.ए. आहे का हो?" पुढचे दोन दिवस तर तेवढंही कुणी विचारायला आलं नाही. साहेब खुर्चीवर ताठ बसून असायचे आणि दारात सावली पडली की उठून उभे राहायचे.

शेवटचा दिवस रविवार होता. सकाळी साहेब वहिनींच्या रानाच्या चित्राशी काहीतरी करत होते, खालचा एक कोपरा पुन्हा रंगवत होते. तुमची सुट्टी आहे आज, असं मी म्हटलं तर हसले. अकराच्या सुमाराला पल्लवी, जावई, नातू आणि त्यांच्या मागून शैलावहिनी आल्या. जावयांना गुरुद्वाऱ्याचं दर्शन घ्यायचं होतं, तेवढ्यासाठी गाडी काढून आले होते, ते सकाळीच उरकलं होतं. निदान सांगितलं तरी तसंच. वहिनी वाळल्या होत्या, साडीखाली पांढरे बूट होते. सभागृहाच्या दारात देवळात आल्यासारखे त्यांनी बूट काढले. आत कुणीच काढत नव्हतं. बूट काढून मान वर केली, समोरच्या भिंतीकडं बघितलं आणि तिथूनच म्हणाल्या, "ही आमची वढ्याकडची पट्टी."

चित्राला नाव नव्हतं. एकाही चित्राला नव्हतं.

"कशावरून आई?" पल्लवी म्हणाली. "सगळी सारखीच तर आहेत."

वहिनी मोज्यांवरच चालत चित्रापाशी गेल्या. "सारखी कशी? ह्या कोपऱ्याला संक्रांतीपर्यंत चिखल राहायचा. माझी चप्पल जायची त्यात, आण्णा ओरडायचे." त्यांनी बोट लावून दाखवलं तर बोटाला रंग आला. लग्नानंतर कधीतरी त्यांनी हे साहेबांना सांगितलं असणार, आणि सांगून विसरल्या असणार. त्या बोटाकडं बघत राहिल्या. साहेब त्यांच्या मागं दोन पावलांवर उभे होते. पुढं येईनात आणि मागंही जाईनात.

"बालाजीनं घाण करून टाकली सगळी," वहिनी म्हणाल्या. मग मागं न वळता, "हे मी नेते."

मी या माणसाला इतकी वर्षं बघत होते, पण तसा चेहरा कधी बघितला नव्हता. ते टेप आणायला धावले.

खाली गाडीपाशी जावई म्हणाले, "बाबा, तुम्हीपण चला ना. लातूरवरूनच जायचंय, घरी सोडतो." मला इतकं बरं वाटलं! पुढं जावई आणि पल्लवी, मागं नातवाची खुर्ची आणि वहिनी. साहेबांनी चित्र मोजलं, मग मागची सीट मोजली, मग पुन्हा एकदा चित्र मोजलं. टेप सर्रकन आत गेली.

"बसतंय," ते म्हणाले. "मी न्हाई बसलो तर बसतंय."

मी वहिनींकडं बघत होते. म्हणा ना बाई, राहू दे चित्र, नंतर नेऊ, तुम्ही बसा. त्यांनी तोंड उघडलंही होतं. पण साहेबांनी चित्र उचललं होतं आणि ते आता तिरकं करून आत सरकवत होते. "रंग ओला हाय खालच्या बाजूनं. ह्या अंगाला हात लावू नका. वळणावर धरून बसा." वहिनी आत बसल्या, चित्राला एका हातानं धरलं. काचेतून म्हणाल्या, "जेवून निघा." गाडी वळून रस्त्याला लागेपर्यंत साहेब टेप हातात घेऊन उभे होते.

पुढं वर्षभर मी त्यांच्या समोरच राहत होते, मग यजमानांची बदली झाली. त्या वर्षात साहेब रोज दिसायचे, डबा घेऊन जिना चढताना. पण साहेब म्हटलं की मला आठवते ती त्या दिवशीची परतीची एसटी. बाकीची चित्रं मागून टेम्पोनं यायची होती. दुपारची गाडी होती, ऊन होतं, आणि साहेब न थांबता बोलत होते. वर्षानुवर्षांचं एकदम बोलावं तसं. "दारातनं ओळखलं हो, मॅडम. दारातनं. जवळ पण गेली नव्हती." लोहा गेलं तरी तेच. मी हो हो म्हणत होते, माझाही आनंद खोटा नव्हता.

अहमदपूरच्या स्टँडवर गाडी थांबली. साहेबांनी घड्याळ बघितलं. "आता लातूरला पोचले असतील ते."

"मग थांबतील की घरी," मी म्हटलं. "चहापाणी करून, घर बघून निघतील वहिनी."

साहेब हसले. मान हलवली. मग त्यांचा हात खिशाकडं गेला. त्यांनी किल्ल्या बाहेर काढल्या आणि तळहातावर ठेवून बघत राहिले.

"किल्ली माझ्याजवळ हाय," ते म्हणाले. आणि दुसरी बाजूला करत, "तिची पण. पुण्याला जाताना ती खिळ्याला लावून गेली होती."

कंडक्टरनं घंटी मारली. लातूर येईपर्यंत त्या दोन्ही किल्ल्या त्यांच्या मुठीत होत्या.